होले, तितर आणि दुनळी : नागपूरकडच्या पाखरांच्या शिकारीच्या आठवणी

बर्डीवाला (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

उमरेडकडचा आमचा वाडा विकायचा ठरलाय. दिवाळीत आवराआवर करताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. आत इली कंपनीच्या काडतुसांचे रिकामे खोके, नळी पुसायचा गज, किडीनं खाल्लेला चामड्याचा काडतूसपट्टा आणि आजोबांची शिकारीची वही. वही म्हणजे मालगुजारीच्या (जमीनदारीच्या) हिशोबाची लांबडी चोपडी. एका अंगाने उघडली की धानाच्या खंड्या आणि कुळांची नावं, उलटी करून मागून उघडली की शिकार. १९५१ साली मालगुजारी गेली, हिशोबाची बाजू तिथे थांबते. शिकारीची बाजू मात्र १९७२ पर्यंत चालू आहे!

वाघ-बिबट्यांच्या शिकारकथा आपल्याकडे पोत्यानं आहेत. या वहीत वाघ एकदाही नाही. सांबर क्वचित, रानडुक्कर अधूनमधून. बाकी पानंच्या पानं पाखरांची: होले (कबुतराच्या जातीतली लहान पाखरं), तितर, लावे, भटतितर, हरियाल (हिरवं कबुतर), थंडीत तलावावरची बदकं. त्यातही होले सगळ्यात जास्त, कारण होल्यासाठी रान तुडवावं लागत नसे, गावाच्या शिवेवरच भागायचं. नोंदी कोरड्या आहेत. नमुन्यादाखल एक: "बोडीवर. होले ७, भटतितर २. वारा उत्तरेचा. पारधी सोबत." बस्स. (बोडी म्हणजे लहान तळं.)

हे कसं चालायचं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी थोडंफार पाहिलं, बाकी वडिलांकडून ऐकलं. ज्वारी निघाली की होले खळ्यावर आणि धसकटांत उतरत. दिवसभर कोरडे दाणे टिपल्यावर संध्याकाळी त्यांना पाणी लागतंच. म्हणून ऊन कलायच्या आत बोडीच्या पाळीवर बाभळीच्या आडोशाला जाऊन बसायचं. होला थेट पाण्यावर येत नाही. आधी जवळच्या वाळक्या फांदीवर बसतो, मान पुढेमागे करून अंदाज घेतो, मग उतरतो. फांदीवर बसलेल्यावर बार टाकणं आजोबांच्या मंडळीत कमीपणाचं. उडताच मारायचा. त्यासाठी आठ नंबरचा बारीक छर्रा, आणि नळी पाखरासोबत फिरवत नेऊन त्याच्या थोडी पुढे रोखायची. बार झाला की हात थांबवायचा नाही, नळी फिरतीच ठेवायची. नवशिका हमखास थांबतो आणि छर्रा शेपटीमागून जातो. वडील म्हणायचे, होला अगदी सरळ येतोय असं वाटलं की समजावं, आता हा कड मारणार.

मार लागलेलं पाखरू पराटीत (कपाशीत) पडलं की शोधणं कठीण, मातीचाच रंग. त्यासाठी रूबी नावाची कुत्री होती. शिवाय कामठीचे एक चाचा कायम बरोबर. पाखरू जिवंत हाती लागून हलाल झालं तरच त्यांना चालायचं, म्हणून बार झाला की सुरी घेऊन ते असे धावत की रूबीला काम उरत नसे.

हरियालाची शिकार वेगळी. वड किंवा उंबर पिकला की त्या झाडाखाली नुसतं उभं राहायचं. शंभर पाखरं वर असतात आणि एक दिसत नाही, पानांचाच रंग. वरून फळांचे तुकडे टपटपतात तेवढाच सुगावा. हरियाल जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायलाही पायात काडी धरून उतरतो, असं आमच्याकडे जुनी माणसं छातीठोक सांगत. आज तो आपला राज्यपक्षी आहे. वहीत त्याच्यापुढे "चवीला उत्तम" असा शेरा आहे.

बंदूक वडिलांच्या नावावर होती, ते गेल्यावर रीतसर जमा केली. मला शिकारीचं समर्थन करायचं नाही, ती बंद झाली हे बरंच झालं. पण ज्यांना हे ठाऊक होतं ती पिढी आता जवळजवळ संपली. नागपूर, भंडारा, वर्ध्याकडच्या लोकांनी घरात ऐकलेलं इथे लिहावं. शिकार चांगली की वाईट हा वाद कृपया नको.

---

तर्री_पोहे

वाद नको म्हटलं की धागा शंभरी गाठतो. बसलो हो खुर्ची टाकून.

---

धुऱ्यावरचा

भाऊ, तुमच्या आजोबाची दुनळी बंदूक होती, आमच्याकडे गोफण होती. काटोलकडचा कास्तकार आहो मी. लहान असतानी आमच्या वावरात जवारी राहे. दाणा दुधात आला की शाळा बुडवून पाखरं हाकलाले मचाणावर. होल्याचा थवा कणसावर बसला की पायलीभर दाणे कुठं गेले पत्ता लागत नाही. गोफणीत गोटा घालायचा अन डोक्यावरून दोन फेरे देऊन एक दोरी सोडायची. गोट्यापेक्षा त्या दोरीच्या फटाक्यानंच पाखरं उठत. नेम लागून एखादा पडला त पडला. तो चुलीत जाये. त्याले कोनी शिकार म्हणत नसे.

गावात एकाकडे भरमार बंदूक होती. पीक राखाले म्हणून परवाना. ते भरनं पायण्यासारखं राहे. नळी उभी धरायची, अंदाजानं दारू ओतायची, वरून चिंधीचा बोळा, गजानं ठासायचा, मंग छर्रे, मंग आणखी बोळा, अन कानाशी टोपी बसवायची. एवढं होईस्तोवर होले पाणी पिऊन घरी! त्याच्यामुळं तो मानूस एका बारात जमतील तेवढे बसलेलेच मारे. उडता मारायची ऐपत नोती, एक बार म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. तुमच्या मंडळीचा कमीपणा त्याले परवडत नोता.

निवडणूक आली की भरमार ठाण्यात जमा. एका निवडणुकीत जमा केली ते परत आनाले इतक्या चकरा झाल्या की त्यानं नादच सोडला.

आता सांगतो तुमाले, होले काही कमी झाले नाही. लाईटच्या तारेवर रांगा लागते. भटतितर मात्र गेले. बटेर क्वचित. जवारी कोनी पेरत नाही, सगळं सोयाबीन, पराटी अन संत्रा. अन पडीत जमीन म्हणून उरली नाही कुठं. बंदुकीनं जेवढे मेले नसतील तेवढे त्याच्यानं गेले, असं माह्यं मत.

---

गोरेवाडा_पहाट

लेख वाचला आणि काही ठिकाणी दात ओठ खात वाचला हे आधी सांगते. पण धुऱ्यावरचा भाऊंच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. भटतितराला उघडं माळरान लागतं, खुरटं गवत आणि गोट्यांची जमीन. घरटं म्हणजे जमिनीवरचा नुसता खळगा. बुटीबोरीकडची अशी रानं कारखाने आणि ले-आउटांखाली गेली. होल्याला तसं काही लागत नाही. चार काड्या आडव्या टाकल्या की घरटं, खालून पाहिलं तर अंडी दिसतील इतकं विरळ. कूलरवर घालेल, कुंडीत घालेल. वर्षभर विण चालते, म्हणून तो टिकला.

आणि म्हणूनच "होले काय, ढिगानं आहेत" हे मला पटत नाही. अंडी दोनच. नर-मादी दोघंही उबवतात आणि दोघांच्याही गळ्याखालच्या अन्नपिशवीत दुधासारखा एक दाट स्राव तयार होतो. पिल्लांचे पहिले दिवस त्यावरच जातात. विण वर्षभर चालते म्हणजे वर्षातला कुठलाही महिना घ्या, बोडीवर मारलेल्या होल्यांपैकी काहींची पिल्लं घरट्यात होतीच. तिथे आडोशाला बसणाऱ्याला हे कळायला मार्ग नव्हता, मान्य.

बर्डीवाला काका, एक विनंती. वहीत नुसतं "होले" आहे की जातवार? आपल्याकडे नेहमी दिसणारे चार: मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके असलेला ठिपकेवाला, त्याहून लहान तपकिरी, मानेला काळी कड असलेला पठाणी, आणि लाल होला, ज्याचा नर विटकरी नि मादी मातकट. त्यातला लाल कमी दिसतो. तारीख, गाव आणि संख्या असलेल्या नागपूर परिसरातल्या जुन्या नोंदी फार थोड्या आहेत. मारलेल्यांच्या का होईना, पण आहेत. पानं स्कॅन करून ठेवाल का?

---

तर्री_पोहे

पाककृती द्यायला कोणी मागेपुढे पाहतंय, मग मीच देतो. आमच्या महाल भागातल्या घरी आजी करायची. आधी होला सोलायचा. कोंबडीसारखं गरम पाण्यात बुचकळावं लागत नाही, पिसं हात लावला की सुटतात, अंगणभर उडतात आणि दुसऱ्या दिवशी पूजेच्या ताटात सापडतात. मांस म्हणाल तर छातीवर, तेही काळपट लाल. बाकी सगळा सांगाडा. मग जवसाच्या तेलात

*[पुढील मजकूर संपादित. संरक्षित वन्यप्राण्यांच्या पाककृती या संकेतस्थळावर देता येणार नाहीत. – संपादक मंडळ]*

---

तर्री_पोहे

अहो संपादक, आजी जाऊन तीस वर्षं झाली, होला जाऊन त्याहून जास्त. मसाला तर सावजीचाच होता, दगडफूल नि खसखस. तो तरी ठेवायचा.

---

काळाकोट

संपादकांचं बरोबर आहे. इथे बऱ्याच जणांचा समज दिसतो की मोर-हरीण मारलं तर गुन्हा, होला-तितर चालतो. कायदा थोडक्यात सांगते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शिकार पूर्ण बंद झाली नव्हती. मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा असे परवाने त्यात होते. १९९१ च्या दुरुस्तीने तो रस्ता बंद केला. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूच्या नव्याने लावल्या, १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू आहेत आणि होले दुसऱ्या अनुसूचीत आहेत. मारलात तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हत्याराने फरक पडत नाही. वीस ज्यूलच्या आतल्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं तिने पाखरू मारायलाही लागत नाही. गलोलीने मारलं तरी शिकारच. फासा लावून जिवंत धरलं तरी शिकारच.

बर्डीवाला, बंदुकीचं योग्य केलंत. परवानाधारक गेल्यावर वारसाने ती घरात ठेवून दिली की ती विनापरवाना हत्यार होते, मग ती आजोबांची असो की पणजोबांची. वाडा विकताय म्हणून विचारते, भिंतीवर शिंगं, कातडी, पेंढा भरलेलं काही आहे का? त्याचं मालकी प्रमाणपत्र असेल तर ठीक. नसेल तर भंगारवाल्याला देऊ नका नि नव्या मालकासाठी "शोभेला" सोडूनही जाऊ नका. वन विभागाला कळवा.

---

कामठी_रोड

आम्ही ऐंशीच्या दशकातले. दुनळी फक्त फोटोत पाहिली. गल्लीत एका मुलाकडे डायनाची छऱ्याची बंदूक होती, तो आमचा राजा. ज्याच्याकडे छर्रे विकत घ्यायचे पैसे त्याचा नंबर. नळी मोडायची, छर्रा बोटानं बसवायचा, खटकन बंद करायची. एक होला मीही पाडला, फुटाळा तलावाच्या मागच्या बाजूला, तेव्हा तिथे झुडपं होती. अशा गोष्टीत पुढे पश्चात्ताप होऊन लेखक दुर्बीण घेतो, तसं माझं काही झालं नाही. काड्या पेटवून भाजला, मीठ लावलं, वाट्याला बोटभर आलं. मग दहावी आली आणि बंदूकवाल्याची बदली झाली.

सलीम अलींनीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं चिमणीच मारली होती ना? पिवळ्या गळ्याची. त्यातूनच ते बीएनएचएसपर्यंत (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीपर्यंत) पोचले.

---

गोरेवाडा_पहाट

सलीम अलींची चिमणी प्रत्येक धाग्यात येते. ती बंदूक हजारो मुलांच्या हातात होती, सलीम अली एकच झाले.

---

मोकळं_रान

वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं. मी फासेपारधी समाजातला. सध्या नागपुरात नोकरी, मूळ तांडा अमरावतीकडे.

इथे दोन तऱ्हेच्या आठवणी आल्या. शौकाच्या आणि पीक राखायच्या. तिसरी आमची, पोट भरायची. माझ्या आजाकडे बंदूक कधीच नव्हती. घोड्याच्या शेपटीच्या केसांचा पीळ देऊन फास करायचा, बारीक बांबूच्या खुंट्यांना तो बांधायचा, अशा पन्नास-साठ खुंट्यांची एक माळ. ती तितराच्या वाटेवर आडवी रोवायची. तितर उडायला आळशी, चालतच जातं. वाट कुठली ते विष्ठेवरून आणि मातीत लोळल्याच्या खळग्यावरून कळतं. पिंजऱ्यातलं बोलकं तितर जवळ ठेवायचं. ते ओरडलं की रानातला नर भांडायला येतो आणि मान फासात घालतो. होल्याला पाण्याच्या कडेला फासे लावत. होला एकदा चोच बुडवली की मान वर न करता ओढून पाणी पितो, बाकी पाखरांसारखा घोट घेऊन मान वर करत नाही. तेवढा वेळ त्याचं लक्ष नसतं. आजाला हे कोणी शिकवलं नव्हतं.

जिवंत पाखराला बाजारात भाव जास्त, म्हणून आमचं कौशल्य मारण्यात नव्हतं, न दुखावता धरण्यात होतं. मादी अंड्यावरची असेल तर पोटाचं पीस झडलेलं असतं, हाताला लागतं. अशी मादी आजा सोडून द्यायचा. दयेचा भाग किती ते माहीत नाही. पुढच्या हंगामालाही त्याच रानात यायचं असायचं.

आता दुसरी बाजू. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं त्यांत पारध्यांचे गटही ओढले गेले. १९५२ साली ३१ ऑगस्टला ते उठलं, आजही आम्ही तो दिवस पाळतो. म्हणजे तुमच्या वहीतली शिकार जेव्हा ऐन भरात होती, तेव्हा त्याच बोडीवर फासा घेऊन सापडलेल्या माणसाला ठाण्यात हजेरी द्यावी लागत होती. १९७२ नंतर शौकाची शिकार "आठवणी" झाली. आमची केस झाली. माझ्या काकांवर दोन तितरांची केस होती, कोर्टाच्या तारखांना जाण्यातच बैल विकला गेला. कायदा चूक आहे असं म्हणत नाही. तो लागला कोणाला, ते म्हणतोय.

बर्डीवाला साहेब, वहीत "पारधी सोबत" लिहिलंय. त्या माणसाचं नाव कुठे आहे का?

---

बर्डीवाला

कालपासून वही पुन्हा चाळतोय. "पारधी सोबत" पुष्कळदा आहे. १९५० च्या आसपासपासून पुढे वीसेक वर्षं, आणि मजकुरावरून माणूस एकच असावा, कारण एके ठिकाणी "पारधी आजारी, सबब गेलो नाही" असं लिहिलंय. नाव नाही. कुत्रीचं आहे. तिच्या पिल्लांचीही आहेत.

एक नोंद तुमच्यासाठी उतरवतो: "पारधी म्हणाला आज भटतितर येणार नाहीत, पलीकडच्या नाल्यात पाणी आहे. नाल्यावर गेलो. खरे निघाले." अशा नोंदी बऱ्याच आहेत. वडील ज्या गोष्टी आजोबांचं रानाचं ज्ञान म्हणून सांगायचे, त्यांतल्या निम्म्या या वहीत "पारधी म्हणाला" अशा सुरू होतात.

---

धुऱ्यावरचा

मोकळं रान भाऊ, एकदम खरं. आमच्या गावच्या भरमारवाल्याले कोनी कधी विचारलं नाही, अन तांड्यावरचा मानूस गावात शिरला की कोंबडी कोनाची गेली ते विचारत.

---

डॅलसकर

मूळचा धरमपेठेतला, वीसेक वर्षांपासून टेक्सासात. धागा वाचून गंमत वाटली, कारण इथे होल्याची शिकार हा अजून चालू असलेला सण आहे. १ सप्टेंबरला हंगाम उघडतो आणि ऑफिसात निम्मी माणसं "आजारी" पडतात. सूर्यफुलाच्या कापलेल्या शेतात कडेकडेनं खुर्च्या टाकून बसतात, पायाशी बर्फाची पेटी. माणशी दिवसाला १५ ची मर्यादा. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं मावू नयेत म्हणून आत लाकडी किंवा प्लॅस्टिकची खुंटी बसवावी लागते, वॉर्डन येऊन तपासतो. मुख्य पाखरू मोर्निंग डव्ह, आपल्या होल्याचा चुलतभाऊ, शेपटी मात्र लांब टोकदार. शिवाय पांढऱ्या पंखाचा एक असतो. छातीचं मांस मिरचीत भरून शेगडीवर भाजतात. (संपादक, ही पाककृती नाही.)

दोन गोष्टी इथल्या लोकांनाही फारशा माहीत नसतात. एक, या देशात एकेकाळी आभाळ झाकणारे पॅसेंजर पिजन होते. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांत संपले. त्यांतली शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली ती १९१४ सालच्या १ सप्टेंबरलाच, म्हणजे आता ज्या दिवशी होल्याचा हंगाम उघडतो त्याच तारखेला. चार वर्षांनी, १९१८ मध्ये, स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आला. आजचे हंगाम नि मर्यादा त्यावरच उभ्या आहेत.

दुसरी नागपूरकरांसाठी. गोरेवाडा ताईंनी लिहिलेला पठाणी होला इथेही आहे! विसाव्या शतकात तो आपल्या बाजूनं युरोपभर पसरला. पुढे १९७० च्या दशकात बहामात पिंजऱ्यातून काही सुटले, तिथून फ्लोरिडा आणि मग सगळी अमेरिका. परका पक्षी म्हणून टेक्सासात त्याला ना हंगाम ना मर्यादा. वर्षभर कितीही मारा.

इथेही परंपरा विरतेय, पण कायद्यानं नाही. शेतं विकली जाताहेत, पोरं फोनमधून डोकं काढत नाहीत. शिकाऱ्यांची संख्या कमी झाली तर वन्यजीव खात्याला चिंता, कारण १९३७ पासून बंदुका-काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि तो पैसा रानं राखायला जातो. आपल्याकडेही असं काही करता आलं असतं का, असा विचार येतो.

---

धुऱ्यावरचा

म्हणजे आपल्या होल्याले तिकडं पासपोर्टबी नाही अन जामीनबी नाही.

---

गोरेवाडा_पहाट

डॅलसकर, कराचा मुद्दा वरवर पटतो, पण ते गणित इथे बसणार नाही. तिथे सरकारी जमिनी मोकळ्या आहेत, वॉर्डन आहेत, मोजणी दरवर्षी होते, त्यावरून मर्यादा ठरते. आपल्याकडे लाल होले जिल्ह्यात किती हे कोणी सांगू शकत नाही. न मोजता मर्यादा कशाच्या आधारावर घालणार? शिवाय शिशाचे छर्रे. होला पोटातलं धान्य दळायला बारीक खडे गिळतो आणि खड्यांबरोबर शेतात पडलेले छर्रेही. जो बारातून वाचतो तो शिशानं मरतो. हे तुमच्याकडच्याच अभ्यासांतून पुढे आलंय.

आणि नागपुरात आता बंदुकीपेक्षा मांजा जास्त घातक आहे. २०१७ पासून हरित लवादाची नायलॉन मांजावर देशभर बंदी आहे, उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं वेळोवेळी फटकारलंय, तरी जानेवारीत सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला पंख कापलेली पाखरं येतात. होले आणि पारवे बरेच. झाडावर अडकलेला मांजा फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापत राहतो.

---

कामठी_रोड

मांजाचं सोळा आणे खरं. आमच्या छतावरून मागच्या संक्रांतीला एक होला सोडवला, पंखाच्या सांध्यात दोन पदर रुतलेले. ओढू नका कोणी. आधी दोन्ही बाजूंनी मांजा कापायचा, पाखरू खोक्यात अंधारात ठेवायचं आणि तसंच घेऊन जायचं. ओढलं की पंख जातो.

---

काळाकोट

मोकळं_रान, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. किरकोळ शिकारीच्या केसमध्ये अटक झालेला बहुतेक वेळा वकिलाविना उभा असतो, हे कोर्टात रोज पाहते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तांड्यावर हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

---

मोकळं_रान

धन्यवाद ताई, हे पुढे पाठवलं.

वहीतला तो माणूस आमच्याच नातेवाइकांपैकी असेल असं नाही, उमरेडकडे दुसरे तांडे होते. तरी "पारधी म्हणाला" अशी जेवढी पानं आहेत तेवढ्यांचे फोटो मिळाले तर बरं. आमच्यातली जुनी माणसं अजून आहेत. वाचून दाखवलं तर कुठला नाला, कुठली बोडी ते सांगतील. नावही निघेल कदाचित.

सगळं रडगाणं नाही. अकोला-वाशीमकडे आमच्या समाजातल्या काही लोकांनी गवताची रानं राखायला घेतलीत. तितर, तणमोर (माळरानातला दुर्मीळ पक्षी), सगळं परत दिसतं. माझा चुलतभाऊ तिथे असतो. बोलकं तितर आता पिंजऱ्यात ठेवता येत नाही, तर तो स्वतःच तोंडानं आवाज काढून मोजणी करतो. कुठून किती नर उत्तर देतात ते ऐकायचं आणि लिहायचं. गोरेवाडा ताई, तुमच्या लोकांना शिकायचं असेल तर येईल तो. फुकट येणार नाही, दिवसाची मजुरी द्यावी लागेल.

---

गोरेवाडा_पहाट

मजुरी नाही, मानधन, आणि जेवण-प्रवास वेगळा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

---

बर्डीवाला

फोटो काढायला सुरुवात केली आहे. शाई फिकट आहे, खिडकीशी धरून काढावे लागताहेत. गोरेवाडा ताई, जात फक्त क्वचित लिहिली आहे. पठाणी दोन-चारदा, बाकी नुसतं "होले". लाल कुठेच नाही.

---

धुऱ्यावरचा

लाल होला माह्या वावरात हाय. आज सकाळीच संत्र्याच्या बगिच्यात पाह्यला, विटकरी रंगाचा, डोकं राखी, मानेले काळी कड. संगं मातकट एक होती. मोबाइल काढेस्तोवर उडाले.

---

गोरेवाडा_पहाट

नरच तो! गाव आणि वेळ टाका. उद्या पाणी देताना परत बघा, जिथे ओलं असतं तिथेच येतील.

---

धुऱ्यावरचा

उद्या लाईट रातच्या पाळीत हाय. पाणी रात्री दोनले देतो मी. परवा पायतो.